बिडाच्या भांड्यातली भट्टी

घरी ओव्हन आणलेला जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो: बेकरीतल्या ब्रून पावासारखी कडक, कुरकुरीत साल घरच्या पावाला का येत नाही? मैदा तोच, यीस्ट तेच, ओव्हनचा काटाही बरोबर आकड्यावर. तरी बाहेर येतो तो फिकट, दडस गोळा. साल जाड आणि चामट, दातांनी ओढून तोडावी लागणारी. मग कुणी मळण्याला दोष देतं, कुणी यीस्टच्या पुडीला. पण या सालीचं सगळं गणित पाण्याचं आहे. कोणत्या वेळी पाणी पावाच्या आत हवं, कोणत्या वेळी त्याच्या अंगावर आणि कोणत्या वेळी ते पार निघून जायला हवं, एवढं जमलं की उरलेलं सोपं. आणि हे गणित केजसारख्या भाकरीच्या गावाला नवं नाही.

१. भाकरीवर फिरवलेलं पाणी

केज हा बीड जिल्ह्यातला मांजरा नदीच्या खोऱ्यातला तालुका. मांजरेवरचं धनेगावचं धरण याच तालुक्यात आहे. मुलूख रब्बी ज्वारीचा, त्यामुळे रोजचं अन्न भाकरी. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा मुळीच नसतो, म्हणून त्यात आधणाचं पाणी घालतात. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे ज्वारीतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो आणि तोच पिठाला धरून ठेवतो. पीठ जुनं होऊन त्याची विरी गेली, की कितीही गरम पाणी घाला, भाकरी थापताना कडा फाटतातच.

भाकरी तव्यावर पडली की करणारीचा हात लगेच पाण्यात जातो आणि ते पाणी भाकरीच्या वरच्या बाजूवर सपाट्याने फिरतं. ही क्रिया इतक्या सवयीची आहे की तिचं कारण फारसं कुणी विचारत नाही. तवा तापलेला, त्यात वरच्या बाजूला कोरडं पीठ लागलेलं. पाणी फिरवलं नाही तर ती बाजू आधीच सुकते, ताठरते आणि तडकते. एकदा तडा गेला की आतली वाफ तिथून निसटते, मग पापुद्रा सुटत नाही. पाणी फिरवलं की वरची बाजू थोडा वेळ मऊ आणि ताणली जाण्याजोगी राहते. ते पाणी पुरतं सुकायच्या आत भाकरी उलटायची, दुसरी बाजू भाजू द्यायची आणि मग आरावर धरायची. तिथे ती टम्म फुगते.

आधी अंग ओलं ठेवायचं म्हणजे फुगायला वाव मिळतो. फुगून झालं की कोरडी, कडक आच द्यायची म्हणजे खरपूसपणा येतो. कडक सालीच्या पावाचा नियम हाच आहे. फरक इतकाच, की पाव दोन मिनिटांत होत नाही, त्याला पाऊण तास लागतो, आणि तेवढा वेळ कुणी त्याच्यावर हात फिरवत बसू शकत नाही.

२. कणकेला सुटलेली तार

ज्वारीचा पाव का होत नाही, हे इथेच समजून घेऊ. भाकरीत वाफ एकाच पोकळीत साठते आणि काही सेकंदांत काम संपतं. पावात मात्र हजारो बारीक बुडबुडे तासन् तास धरून ठेवायचे असतात. त्याला लवचीक पडदा लागतो, आणि तो गव्हातून मिळतो.

गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन नावाची दोन प्रथिनं असतात. पीठ पाण्यात भिजलं की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेन तयार होतं. पीठ ओलं असताना पसरणारी आणि प्रत्येक बुडबुडा तोलून धरणारी ती एक झोळीच. आपल्याकडे ग्लुटेन हा शब्द नवा असला तरी वस्तू ओळखीची आहे. पुरणपोळीची कणीक तेल-पाणी लावून तिंबत राहतात, तिला तार सुटते, ती तार ग्लुटेनची. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून वाटतात आणि चीक गाळून घेतात, तेव्हा मागे राहिलेल्या चोथ्यात कोंड्याबरोबर हाताला चिकटणारा जो चिवट भाग सापडतो, तोही बराचसा हाच.

खात्री करून घ्यायची असेल तर मैद्याचा लिंबाएवढा घट्ट गोळा भिजवून अर्धा तास ठेवा आणि मग पाण्याच्या बारीक धारेखाली चोळत राहा. दुधासारखं पांढरं पाणी निघून जाईल, ते स्टार्चचं. ते थांबलं की हातात रबरासारखा पिवळट गोळा उरेल. बोलोन्याच्या याकोपो बेकारी या इटालियन शास्त्रज्ञाने गव्हाच्या पिठाचे असेच दोन भाग वेगळे करून १७२८ साली त्याबद्दल सांगितलं होतं.

आता पीठ कोणतं घ्यायचं? निव्वळ मैद्याचा पाव हलका होतो पण चवीला पोकळ वाटतो. निव्वळ गव्हाच्या पिठाचा पाव दडस होतो, कारण कोंड्याचे कण त्या पडद्याला जागोजाग छेदतात. गिरणीच्या जात्यात आणखी एक गोष्ट घडते. दगडांच्या दाबाने आणि उष्णतेने स्टार्चचे बरेच कण फुटतात आणि फुटलेला स्टार्च जास्त पाणी पितो. पोळी मऊ राहते ती त्यामुळेच. म्हणून घरच्या पिठाचा वाटा वाढवला की पाणीही थोडं वाढवावं लागतं. माझ्या मते तीन भाग मैदा आणि एक भाग चाळलेलं लोकवन गव्हाचं पीठ हे प्रमाण सुरुवातीला सर्वात सोयीचं. खपली आणि बन्सी गहू खिरीला, शेवयांना उत्तम, पण पावाला नकोत. त्यांचा पडदा लवकर फाटतो.

३. रात्रीत होणारं मळण

नोव्हेंबर २००६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मार्क बिटमन यांनी न्यूयॉर्कच्या सुलिव्हन स्ट्रीट बेकरीच्या जिम लेही यांची एक कृती छापली. तिने घरगुती पावाची चालच बदलून टाकली. लेहींच्या कृतीत मळणं नव्हतंच. सैल पीठ, चिमूटभर यीस्ट, १२ ते १८ तासांची वाट आणि मग झाकणाच्या जड भांड्यात भाजणं.

न मळता ग्लुटेन कसं तयार होतं? पीठ पुरेसं ओलं असेल तर प्रथिनांना हलायला जागा मिळते आणि ती आपली आपण गुंतत जातात. त्यात यीस्टचे बुडबुडे वाढतात आणि आतूनच पीठ ताणतात. हातांनी दहा मिनिटांत जे होतं ते इथे रात्रभर सावकाश होत राहतं. शिवाय पिठातली विकरं स्टार्च तोडून साखर करतात. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. ती त्यातली काही साखर खाते आणि कार्बन डायऑक्साइड व अल्कोहोल सोडते. उरलेली साखर पुढे सालीच्या रंगाला उपयोगी पडते. दोन तासांत घाईने फुगवलेल्या पावाला चव नसते ती या मधल्या कामाला वेळच न मिळाल्यामुळे.

पाण्याचं प्रमाण बेकरीवाले पिठाच्या टक्क्यांत मोजतात. पीठ ४०० ग्रॅम आणि पाणी २८० ग्रॅम, तर २८० भागिले ४०० म्हणजे ७० टक्के. पोळीच्या कणकेत पाणी याहून कमी असतं. ७० टक्क्यांचं पीठ परातीत गोळ्यासारखं उभं राहत नाही, सैलावून पसरतं आणि हाताला लागतं. नवख्याला इथे भीती वाटते आणि तो वरून मूठभर मैदा टाकतो. तो मोह आवरावा. आत भरपूर पाणी असेल तरच पुढे वाफ भरपूर मिळणार आहे.

न्यूयॉर्कची कृती केजमध्ये जशीच्या तशी चालत नाही, आणि कारण सरळ आहे: १२ ते १८ तास हा हिशेब सुमारे २१ अंश तापमानाचा आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की यीस्टचा वेग जवळपास दुप्पट होतो. मे महिन्यात स्वयंपाकघर ३३ अंशांवर असेल तर १४ तासांचं काम ६ तासांत उरकतं. रात्री १० वाजता भिजवलेलं पीठ पहाटे ४ लाच फुगून तयार, आणि सकाळी ८ पर्यंत ते बसून आंबट, पातळ झालेलं असतं. म्हणून उन्हाळ्यात यीस्ट निम्मं घ्यावं, माठातलं पाणी वापरावं आणि पीठ सकाळी भिजवून दुपारीच भाजावं, म्हणजे लक्षही राहतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उलटं. तेव्हा रात्रभर ठेवूनही सकाळी पीठ आळसावलेलंच दिसतं, त्याला आणखी चार-पाच तास द्यावे. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावं: आकार दुपटीला आला, वर बुडबुडे दिसू लागले आणि भांडं हलवल्यावर पीठ थलथललं की ते तयार.

बोअरच्या जड पाण्याची काळजी करू नये. त्यात डाळ शिजायला कुरकुर करते, पण त्यातले क्षार ग्लुटेनला थोडी बळकटीच देतात.

४. भट्टीत काय असतं, जे आपल्या ओव्हनमध्ये नसतं

गोव्यात पोर्तुगीज १५१० साली आले आणि त्यांच्या मागोमाग पाव आला. तिथे यीस्ट नव्हतं, तर माडाच्या सुरेने पीठ फुगवलं गेलं. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी, तिच्यातले उंडे आणि कोंड्याची पोई आजही गोव्याच्या सकाळचा भाग आहेत. मुंबईत इराण्यांच्या बेकऱ्यांनी ब्रूनला नाव मिळवून दिलं. फोर्टमधली याझदानी बेकरी त्यासाठी ओळखली जाते. या जुन्या भट्ट्यांची रचना पाहिली तर दोन गोष्टी सारख्या दिसतात. विटांचा जाड घुमट तासन् तास उष्णता साठवतो. आणि तोंड लहान असल्याने एका वेळी आत गेलेल्या शेकडो पावांची वाफ आतच कोंडून राहते.

ही वाफ तीन कामं करते. गरम वाफ थंड पिठाला लागली की तिचं पाणी होतं, आणि पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता ती पिठाला देऊन टाकते. कोरड्या गरम हवेला हे जमत नाही. कुकरच्या वाफेचा चटका त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा किती जास्त बसतो, हे स्वयंपाक करणाऱ्या हाताला माहीत असतं. दुसरं, पिठाचा पृष्ठभाग ओला आणि लवचीक राहतो, त्यामुळे पहिल्या दहा-बारा मिनिटांत आतले वायू प्रसरण पावतात तेव्हा पाव मोकळेपणी वर उचलला जातो. यीस्ट ५५ ते ६० अंशांच्या आसपास मरतं, त्याआधीची ही शेवटची मोठी उडी. तिसरं, पृष्ठभागावरचा स्टार्च त्या ओलीत शिजून पातळ खळीचा थर तयार होतो. हाच थर पुढे सुकून चकचकीत, काचेसारखी तडकणारी साल बनतो.

घरच्या ओव्हनमध्ये पोकळी मोठी, पाव एकच आणि दारातून, फटींतून वाफ सतत निसटत असते. भाकरीवर पाणी फिरवायचं राहून गेल्यावर जे होतं तेच इथे होतं. साल आधी सुकते, आतला पाव तिच्यात अडकतो.

५. बीड का?

आता झाकणाचं भांडं काय करतं ते पाहू. पिठातलं १० ग्रॅम पाणी उडालं की सुमारे १७ लिटर वाफ होते. भांडं असतं ४-५ लिटरचं. म्हणजे दोन चमचे पाणी उडालं तरी आतली हवा बाहेर ढकलली जाऊन भांडं वाफेने पुरतं भरतं. ४० लिटरच्या ओव्हनमध्ये तेवढ्या वाफेचा पत्ताही लागत नाही. पाव इथे स्वतःच्याच पाण्याने स्वतःला ओलं ठेवतो. बाहेरून पाणी मारायची गरज राहत नाही.

झाकण तर ॲल्युमिनियमच्या पातेल्यालाही असतं. मग बीडच, म्हणजे ओतीव लोखंडच, का? कारण दुसरी गोष्ट, भट्टीच्या जाड विटांची, बीड भरून काढतं. हिशेब करून बघा. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला १ किलोकॅलरी लागते. लोखंडाला त्याच्या साधारण नवव्या हिश्शाएवढी, म्हणजे ०.११. झाकणासह ४ किलोचं भांडं ३० अंशांवरून २३० अंशांवर नेलं, तर त्यात ४ गुणिले ०.११ गुणिले २००, म्हणजे ८८ किलोकॅलरी साठतात. आपलं पीठ सुमारे ६९० ग्रॅम. ते आतपर्यंत ९७ अंशांवर न्यायला साधारण ३२ किलोकॅलरी लागतात. वर ८० ग्रॅम पाणी उडवायचं, त्याला आणखी ४३. बेरीज ७५. भांड्यातली सगळी उष्णता पावात उतरत नाही हे खरं, कारण भांडंही शेवटपर्यंत गरमच राहतं. पण थंड पीठ आत पडल्यावर पातळ पातेल्यासारखं ते गारठत नाही, हे या आकड्यांतून कळतं. केजमध्ये याचा एक रोकडा फायदा आहे: भाजणं सुरू झाल्यावर वीज गेली तर घाबरू नका, ओव्हनचं दार आणि झाकण दोन्ही बंद ठेवा, दहा-पंधरा मिनिटं भांडं काम रेटून नेतं.

बिडात २ ते ४ टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते साच्यात सहज ओतलं जातं, आणि त्यामुळेच ठिसूळही असतं. स्वयंपाकाची भांडी वाळूच्या साच्यात स्वस्तात ओतायचं पेटंट इंग्लंडच्या अब्राहम डार्बीने १७०७ साली घेतलं. आपल्याकडे ओतीव लोखंड शेतकऱ्यांच्या घरापर्यंत पोचवण्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा वाटा फार मोठा. त्यांचा लोखंडी नांगर १९०३ चा, किर्लोस्करवाडी वसली १९१० मध्ये. आज कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतून यंत्रांचे सुटे भाग ओतले जातात, त्याच जातीचा हा धातू.

ठिसूळपणामुळे एक पथ्य कडक पाळायचं: तापलेल्या भांड्यात थंड पाणी कधीही ओतायचं नाही, ते तडकतं. झाकणाची मूठ प्लॅस्टिकची असेल तर काढून तिथे स्टीलची बसवावी. नवं भांडं असेल तर तेलाचा अगदी पातळ हात लावून तापवावं, असं चार-पाचदा. पावसाळ्यात धुतल्यावर विस्तवावर कोरडं करूनच ठेवावं, नाहीतर दोन दिवसांत तांबेरा धरतो.

६. करून पाहू

मैदा ३०० ग्रॅम, चाळलेलं गव्हाचं पीठ १०० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम म्हणजे सपाट दीड चमचा, कोरडं इन्स्टंट यीस्ट पाव चमचा (उन्हाळ्यात त्याच्या निम्मं) आणि पाणी २८० ग्रॅम. सगळं परातीऐवजी खोल पातेल्यात उलथन्याने कालवायचं. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. झाकून ठेवायचं. अर्ध्या-पाऊण तासाने हात ओला करून पिठाची एक कड उचलून मध्यावर दुमडायची, पातेलं फिरवत चारी बाजूंनी तसंच. मघाशी तुटणारं पीठ आता ओढल्यावर लांबतं, हे हाताला लगेच जाणवतं. मग त्याला सोडून द्यायचं.

पीठ दुपटीला आलं की ओट्यावर घ्यायचं, चारी कडा मध्यावर आणून गोळा वळायचा आणि सुती कापडावर ज्वारीचं पीठ भरपूर भुरभुरून त्यावर ठेवायचा. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने ते ओल्या गोळ्याला घट्ट चिकटत नाही. मैदा भुरभुरला तर तोच कापडाला धरून बसतो. इथे गोळा तास-दीड तास विसावतो, मे महिन्यात अर्धा तासही पुरे.

त्या वेळात रिकामं भांडं झाकणासह ओव्हनमध्ये ठेवून २३० अंशांवर निदान ३५ ते ४० मिनिटं तापवायचं. ओटीजी घेण्याआधीच त्याच्या वरच्या-खालच्या सळयांमधलं अंतर मोजून घ्यावं. पुष्कळ लहान ओव्हनमध्ये झाकण लावलेलं भांडं मावत नाही. भांडं बाहेर काढताना जाड आणि पूर्ण कोरडं फडकं हवं, ओलं फडकं चटका थेट हातापर्यंत पोचवतं. सांडशीने हे वजन उचलू नये. गोळा अलगद भांड्यात उलटायचा. पडताक्षणी चर्र होतं आणि ज्वारीच्या पिठाचा भाजका वास येतो. वर धारदार सुरीने एक खोल चीर द्यायची, म्हणजे पाव कुठून उमलायचं ते आपण ठरवतो. झाकण लावून ३० मिनिटं.

झाकण काढलं की पाव फुगलेला पण फिकट दिसेल. ओलीचं काम संपलं, आता पाणी निघून जायला हवं. पृष्ठभागावर ओल आहे तोवर तिथलं तापमान १०० च्या वर जात नाही. ती गेली की साल १४० अंशांपुढे चढते आणि प्रथिनांचे घटक व साखर यांच्यात ती रंग-वासाची क्रिया सुरू होते, जिचं वर्णन फ्रान्सच्या लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये केलं. भाकरीवरचे खरपूस डाग याच क्रियेचे. उघड्यावर १५ ते २० मिनिटं लागतात. रंग बिस्किटासारखा दिसला की बहुतेक जण घाईने पाव काढतात. गुळाच्या काकवीसारखा गडद होईपर्यंत थांबा. फिकट साल काढताना कडक लागली तरी आतल्या ओलीने तासाभरात मऊ पडते.

७. ओव्हन नसेल तर

मराठवाड्यात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात, चारी बाजूंनी आच मिळते म्हणून. भानोलं आणि गोव्याचं बेबिंका झाकणावर निखारे ठेवून भाजायची जुनी रीत आहे. अंगणात चूल असेल तर बिडाच्या भांड्याला हीच रीत उत्तम: खाली थोडे निखारे, झाकणावर त्याच्या दुप्पट. वरून निखारे जास्त हवेत, कारण खालून धातू थेट पिठाला लागलेला असतो आणि वर मधे वाफेचा थर असतो.

गॅसवर हे तेवढं नीट होत नाही, हे आधीच सांगतो. बुड करपतं, माथा पांढरा राहतो. तरी करायचंच असेल तर भांड्याखाली जाड तवा ठेवून मध्यम आचेवर २५ मिनिटांनी पाव उलटायचा आणि पुढची १५ मिनिटं झाकण किंचित कललेलं ठेवायचं. दोन्ही सपाट बाजू छान कडक होतात, कडा मात्र मऊ राहतात. चव पूर्ण मिळते.

८. कापण्याआधी आणि उरल्यावर

पाव जाळीवर काढला की काही क्षणांत तो बारीक तडतडू लागतो. कडक साल आतल्या मऊ गरापेक्षा वेगळ्या वेगाने आकसते, तिला केसाएवढ्या भेगा पडतात, त्याचा हा आवाज. बुडाला टिचकी मारल्यावर पोकळ वाजला तर पाव आत शिजला आहे. तरी तासभर कापू नये. गरम पावात स्टार्च अजून बसलेला नसतो, सुरी लावली की गर चिकटून गोळा होतो आणि जी वाफ सावकाश बाहेर पडायची ती एकदम निघून जाते.

उरलेला पाव सुती कापडात गुंडाळून, कापलेली बाजू पाटावर पालथी करून ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत साल मऊ होते, आणि केजच्या पावसाळी दमटपणात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशीही धरते. फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नये. पाव शिळा होतो तो केवळ सुकल्याने होत नाही. शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट रचना धरू लागतो, आणि हे सर्वात वेगाने घडतं ते शून्याच्या थोडं वर, म्हणजे नेमकं फ्रिजच्या तापमानाला. ही घट्ट रचना ६० अंशांपुढे बरीचशी सैल होते. म्हणून कालच्या पावाच्या सालीवर ओला हात फिरवून तो तापलेल्या बिडाच्या भांड्यात झाकून सात-आठ मिनिटं ठेवावा, शेवटची दोन मिनिटं झाकण काढावं. साल परत कुरकुरते आणि गर मऊ होतो. हे एकदाच नीट साधतं. दुसऱ्यांदा गरम केलेला पाव कोरडा पडतो, त्याचे तुकडे फोडणीला टाकावे.